चढ पायी, उतार गाडीतून

माझा मित्र डोंगरात पडला तो वयामुळे नव्हे. आमच्या कॉलनीत आणि सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या मंडळींत तो वयामुळेच पडला असं बोललं जातं, आणि ते मी बराच काळ गप्प बसून ऐकलं. आता माझी सत्तरी उलटली आहे. खरं काय ते लिहून ठेवतो.

आम्ही दोघं लातूरला एकाच कॉलेजात होतो. मी पळायचो आणि तो माझे कपडे सांभाळत बसायचा. पुढे मी नांदेडला शाळेत पीटीचा सर झालो, तो पाटबंधारे खात्यात कारकून. घरंही एकाच कॉलनीत झाली. त्याचं पोट सुटलं, माझा गुडघा गेला. इथवर सगळं बरोबरीचं होतं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि हा चालायला लागला. चालता चालता पळायला लागला. पोट गेलं, पाठ ताठ झाली. लातूरला दिलेल्या लेकीनं त्याला पोपटी रंगाचे बूट पाठवले. ते घालून तो माझ्या फाटकासमोरून पळत जायचा तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरायचो. एकदा बायको म्हणाली, "अहो, बघा तरी, भाऊजी कसे हरणावानी पळायलेत." मी चहा गोड झाला म्हणून तिच्यावर ओरडलो. मैदानावर पोरं त्याला विचारायची, काका, पळताना श्वास कसा घ्यायचा? ज्या मैदानावर मी नोकरीभर शिट्टी वाजवली, तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं.

एके दिवशी तो घरी आला. सह्याद्रीत डोंगरातल्या पायवाटांवरून पळायची शर्यत असते, तिच्यात त्यानं नाव घातलं होतं. मोठाले चढ, तसेच उतार, आणि सगळं ठरावीक वेळेत संपवायचं.

"मास्तर, आखणी तूच करायची," तो म्हणाला. "मला काय कळतंय? जल्म गेला सपाटीवर."

"या वयात? येड लागलं का तुला?"

"लागलंच की. लई उशिरा लागलं, एवढंच."

नांदेडात डोंगर कुठून आणायचा? मी त्याला उड्डाणपुलावर पळवलं. ओळखीच्या एका उंच इमारतीचे जिने चढायला लावले. तिथला वॉचमन बिचारा काळजीनं म्हणायचा, "साहेब, लिफ्ट चालू हाय की." हा वरच्या जिन्यातून ओरडायचा, "हाव, येताना घेतो!" आणि खरंच लिफ्टनं खाली यायचा. एकाआड एक रविवारी आम्ही माहूरला जायचो. तो पायी दत्तशिखर चढायचा, दुसऱ्या खेपेला अनसूयेचं शिखर. मी त्याची गाडी घेऊन वर थांबायचो, लिंबूपाणी द्यायचो, आणि दोघंही गाडीत बसून खाली यायचो.

आमच्याकडची रीतच तशी आहे. नवस असलेली माणसं माहूरला पायी चढतात आणि परतताना जीप धरतात. चढलेलं मोजायचं, उतरलेलं कोण मोजतं? त्यानंही तसंच धरलं, आणि मी धरू दिलं.

मला माहीत होतं. तरुणपणी साताऱ्याकडच्या डोंगरात मी एकदाच अशी शर्यत पळालो होतो. चढावर पुढे होतो. उतारावर मांड्या थरथरायला लागल्या, पाय हुकमात राहिले नाहीत, आणि तिथंच गुडघा गेला. लोकांना मात्र सांगत आलो की मैदानावर उभं राहून राहून गेला. उतरायची सवय पायांना उतरूनच लावावी लागते, हे आमच्या दोघांत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्यानं एकदा विचारलंही. दत्तशिखरावर घाम पुसत गाडीत बसला आणि म्हणाला, "काय रे, उतरायची बी तालीम लागती का?"

किल्ली माझ्या हातात होती. "उतारावर काय करायचंय? तो आपोआप नेतो. गुडघे जप, न्हाईतर माझ्यावानी बसशील घरी."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला आणि त्यानं पट्टा लावला.

तो पडावा असं मला वाटत नव्हतं. त्याला ती शर्यत पुरी करता येऊ नये, एवढंच वाटत होतं. हात हलवत परत यावा, आणि मग आम्ही दोघांनी पुन्हा सारखं व्हावं.

शर्यतीच्या दिवशी मी पायथ्याशी उभा होतो. पुढची पोरं खाली आली ती सांगत आली, "ते नांदेडचे काका लई भारी चढले." मला तेही सहन झालं नाही. मग वेळ संपून गेली. पुष्कळ उशिरानं दोघांनी त्याला धरून आणलं. मनगट मोडलं होतं, हात गळ्यात बांधला होता.

"पाय माझे राहिलेच न्हाईत रे," तो म्हणाला. "वय झालं गड्या."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हाव. होतं असं या वयात."

लेक त्याला लातूरला घेऊन गेली. आता पळायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं आणि त्यानं मान्य केलं. सांगायला लाज वाटते, पण सुरुवातीला मला बरं वाटलं. सकाळी फाटकात निवांत बसता यायला लागलं. मग फोनवरचं त्याचं बोलणं कमी होत गेलं. "बराय. बसून असतो." साखर पुन्हा चढली होती. बायको म्हणाली, "भाऊजींचा आवाज म्हाताऱ्यावानी झालाय." तेव्हा मी लातूरची बस धरली. वाटेतल्या चाकूरलाच उतरून परत फिरावं, असं फार वाटलं.

लेकीनं चुरमुऱ्यांचा सुशीला पुढे ठेवला. मी ताटलीला हात न लावता दोघांसमोर सगळं सांगितलं: साताऱ्याकडचा डोंगर, माझा गुडघा, गाडीतलं उत्तर.

"काका, बाबाचं काही बरंवाईट झालं असतं म्हंजे?" लेक म्हणाली.

"थांब गं." तो पुढे सरकला. "म्हंजे माझं वय झालं म्हणून न्हाई?"

"न्हाई. उतरायला शिकवलं असतं तर उतरला असतास."

"मायला!" त्यानं मांडीवर थाप मारली आणि हसला. त्याचा चेहरा असा उजळला की त्या क्षणीही मला त्याचा हेवा वाटला. मग हसू थांबवून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"कॉलेजात मलाबी तुझा हेवा वाटायचा. लई वाटायचा. पण तुला कधी खोटं न्हाई सांगितलं."

हिवाळ्यात तो नांदेडला परत आला. माहूरला आता एकटाच जातो, जीपनं वर चढतो आणि पळत उतरतो. मला बोलवत नाही. पुढच्या शर्यतीत शेवटच्या दोघाचौघांत आला, पण वेळेत आला. ही बातमी बायकोनं आणली तेव्हा मी पुन्हा पेपर तोंडासमोर धरला. मैदानावर कुणी त्याच्या वयाचा विषय काढला की आता मी मध्ये पडतो आणि घडलं ते सांगतो. काहींना ते खरं वाटत नाही. तो सकाळी फाटकासमोरून जाताना मान हलवतो, थांबत नाही.