धर्मा तांडेलाच्या पायातल्या सळया

मांडव्याजवळच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. औषधाच्या बाटल्या संपतात, किस्से मात्र साठतच जातात! त्यातले निम्मे एकट्या धर्मा तांडेलाचे.

पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढताना ती धर्माच्या पायावर कलंडली. गुडघ्याच्या लगेच खाली हाडाचे तुकडे. मुंबईचे मोठे डॉक्टर म्हणाले, "कापा." आमचे तरुण डॉक्टर नुकतेच विलायतेहून आलेले. त्यांनी मांडीत दोन, नडगीत दोन पोलादी सळया आरपार घातल्या आणि बाहेरून लोखंडी पट्टीला स्क्रूने आवळल्या. अशी त्यांची पहिलीच केस! दिवसातून दहा वेळा ते स्क्रू चाचपत. माझाही जीव टांगणीला.

गाव बघायला लोटलं. एक म्हातारी पाय निरखून म्हणाली, "हाडं मोडली आतमंदी नि लोखंड भायेर? डागदर, तुमी उलटा बसवलाव!"

*

धर्माला खाटेवर चैन कुठली! डॉक्टर स्क्रू पिळायला लागले की हा हुकूम सोडणार, "आनखी अर्धा पीळ. ढिला हाय."

एकदा डॉक्टर भडकले. "होडी तुझी, पाय माझा!"

"मंग दुखतंय मना कशाला?"

*

एका सकाळी वॉर्डात सात मांजरं! धर्माच्या बायकोनं, हिराबाईनं, सळयांना मुशी माशाच्या तेलाचा हात दिलेला. "खाऱ्या वाऱ्यान लोखंड गंजतं. होडीला लावतो न्हाय का?"

डॉक्टर पांढरे पडले. सळईच्या भोकात पू धरला की पाय गेलाच! आम्ही उकळलेल्या पाण्यानं धू धू धुतलं. चार दिवस डॉक्टरांना जेवण गेलं नाही. ताप काही आला नाही.

पाचव्या दिवशी हिराबाई म्हणाली, "बगा, गंजला न्हाय!"

*

सळया निघाल्या, पुढे काठीही सुटली. तरी डॉक्टर म्हणत, "होडीवर इतक्यात नाही." धर्माचं पोट दर्यावर, आणि डॉक्टरांचा त्या पायावर विश्वासच बसेना.

एकदा त्यांना मुंबईला जायचं होतं. ओहोटी होती. होडी लांब, गुडघाभर पाण्यात. उतारूंना कोळी पाठीवर घेऊन पोचवत होते. डॉक्टरांपुढे पाठ वाकवून उभा राहिला तो धर्मा!

"वेडा आहेस का? पाय मोडेल!"

"डागदर, नवी होडी दर्यात घालताना आमी बांधणाऱ्या सुताराला पयला बसवतो. बसा."

 डॉक्टरांनी खाली वाकून बूट काढले, माझ्या हातात दिले आणि ते धर्माच्या पाठीवर बसले.