आमच्या बूथवरचं एक मत

बाळापूरजवळच्या आमच्या गावात लोकसभेचे बूथनिहाय आकडे आले, की माझ्या नवऱ्याच्या पक्षापुढे एकच मत असायचं. ते कोणाचं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी मात्र ज्याची हवा असेल त्याला मत द्यायची, आणि तो निवडून आला की जणू मीच खासदार झाले अशी मिरवायची, टवळी!

“अहो, मत कावून वाया घालवून राह्यले?”

“भोपळा तं नाही ना येत,” हे म्हणायचे.

यंदा निवडणुकीआधीच हे गेले. त्यांच्या पक्षाला भोपळा मिळू नये म्हणून मी त्यांचं बटण दाबलं. निकालानंतर सुनेनं मोबाइलवर आकडा वाचला.

“आत्याबाई, दोन!”

“दुसरं कोणाचं वं?”

ती पदरानं डोळे पुसायला लागली.

हे असते तर तीन झाले असते.