मोरपंखी घरीच राहिली

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझा सात किलोंचा नियम तोंडपाठ असेल. पाठीवर एकच सॅक, आणि सात किलोंच्या वर एक ग्रॅमही नाही. लडाखला तशीच गेले, आसामला तशीच गेले, आणि इथे येऊन त्याचा भरपूर तोराही मिरवला. ‘संध्याकाळच्या समारंभासाठी वेगळे कपडे, वेगळ्या चपला? काही गरज नाही. एक रेशमी ओढणी खांद्यावर टाका, झालं काम,’ हा सल्लाही माझाच. तो आज मागे घेते आहे. का, ते खाली सांगते. मध्ये सातारा, औंध, इस्लामपूरची माहितीही येईल, जाणार असाल त्यांना उपयोगी पडेल.

तर शमीम. साताऱ्यात डीएड करताना आम्ही दोघी हॉस्टेलवर दोन वर्षं एका खोलीत होतो. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. माझे नाना महिन्याच्या एका रविवारी पुण्याहून यायचे, ते प्रत्येक गोष्ट दोन घेऊन. दोन डबे, दोन स्वेटर, परीक्षेच्या आधी दोन पेनं. तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर शमीमही त्यांना नानाच म्हणू लागली. पुढे तिथल्याच एका शाळेत दोघींना तात्पुरती नोकरी लागली आणि पहिल्या पगारात आम्ही एकसारख्या दोन मोरपंखी रेशमी साड्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, “जुळ्या बहिणी का?” शमीमने हो म्हणून टाकलं.

नंतर ती लग्न होऊन इस्लामपूरला गेली. तिच्या सासरी बांगड्यांचं दुकान आहे. मी पुण्यात नानांजवळच राहिले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. भेटी कमी होत गेल्या, फोन मात्र चालू राहिले. नानांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ती रोज फोन करत होती.

जानेवारीत तिचा फोन आला. थोरल्या मुलाचं लग्न, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरचा वलीमा, म्हणजे मुलाकडचं स्वागताचं जेवण. “निकाह तिकडं पोरीच्या गावाला हाय, तिथं नाय आलीस तरी चालंल. वलीम्याला पायजेसच. आन् उजे, मोरपंखी नेस हां. मी बी नेसणार हाय.”

मी हसून “बघू” म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मांडलं. साडी, परकर, ब्लाउज, त्यावरच्या सँडल, मिळून दीड किलो. एका संध्याकाळसाठी दीड किलो! नाना बाजूला पेपर वाचत बसले होते. म्हणाले, “अगं, ने की. ती सांगतेय ना?” मी म्हटलं, “नाना, तिला आठवणारसुद्धा नाही बोललेलं.” आणि साडी कपाटात परत गेली. नव्वद ग्रॅमची काळी ओढणी, एक राखाडी कुडता आणि पायात पट्ट्यांच्या चालायच्या सँडल एवढ्यावर मी निघाले. काटा सहा किलो आठशेवर थांबला आणि मला फार समाधान वाटलं.

पहिला दिवस. स्वारगेटवरून सकाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे साताऱ्यापर्यंत शंभराच्या आसपासच लागतात. गाडी शिरवळला थांबली तर खाली उतरून चहा घ्याच. कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ असली की टपरीवर गर्दी फार, पण चहा ताजा मिळतो. शेजारी बसलेल्या मावशींच्या पायाशी तीन पिशव्या, मांडीवर एक आणि वर फळीवर पत्र्याची ट्रंक. लेकीच्या घरच्या बारशाला चालल्या होत्या. माझी सॅक बघून म्हणाल्या, “बाकीचं सामान डिकीत टाकलंय व्हय?” एवढंच आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा कीव करत बघितलं आणि पिशवीतला एक लाडू दिला. तेव्हा गंमत वाटली. मोबाइलमध्ये टिपूनही ठेवली, ब्लॉगसाठी.

साताऱ्यात स्टँडपासून चालत जाण्याजोग्या साध्या लॉजवर राहिले. दुपारी आमचं हॉस्टेल शोधत गेले. इमारत आहे, रंग नवा आहे, आमच्या खोलीच्या खिडकीत कुणाचा तरी गुलाबी टॉवेल वाळत होता. फोटो काढून शमीमला पाठवला. लग्नाच्या धामधुमीतही तिचं उत्तर आलं, “त्या खिडकीतनं तू नानांना हाका मारायचीस.” मग पेढे घेतले. साताऱ्याला जाऊन कंदी पेढे न घेता परतणं म्हणजे पाप. हे ताजे, गरम होते आणि खोका पिशवीविना सॅकमध्ये गेला. नियम हा नियम, पिशवी कशाला वाढवा!

दुसरा दिवस. औंधला साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एसटी जातात, पण फेऱ्या मोजक्याच, तेव्हा स्टँडवर आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवा. डोंगरावर यमाईचं देऊळ आहे. पायऱ्या चढवत नसतील तर वरपर्यंत रस्ताही आहे. ऊन वर यायच्या आत जा, वारा छान असतो आणि खाली सगळा मुलूख दिसतो. संग्रहालय तर चुकवूच नका. तिथल्या चित्रांसमोर माझा तास-दीड तास कसा गेला कळलं नाही. सुट्टीचा वार कोणता ते मात्र आधी विचारून घ्या.

देवळाच्या वाटेवर ओटीचं सामान विकणारी एक बाई बसली होती. हिरवा खण आणि नारळ पुढे करत म्हणाली, “घ्या ताई, आईची वटी भरा.”

“नको हो, ओझं होतं,” मी म्हणाले. सवयीने तेच तोंडात येतं.

“वझं तुमाला कशाचं? वर जाऊन दिऊन टाकायचं की.” मग तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. “आवं, आईला बी रोज नवं लुगडं, गळ्यात माळ लागती. आन् तुमी बायामाणसानं आसं पोस्टमनावानी हिंडायचं व्हय?”

मी मोठ्याने हसले. ओटी घेतली, देवीला दिली आणि हेही मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. म्हणजे बघा, दोन दिवसांत दोघीजणींनी मला सांगून पाहिलं होतं. पण आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागलं की असंच होतं.

औंधहून गाडी बदलत कराड, कराडहून इस्लामपूर. उसाचा हंगाम चालू होता. पेठ नाक्याला वळल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची एसटी गोगलगाईसारखी चालली. या दिवसांत जाणार असाल तर तासभर जास्तीचा धरून निघा. मी धरला नव्हता. शमीमच्या घरी पोचले तर घरचे सगळे हॉलवर गेलेले. शेजारणीकडे किल्ली ठेवली होती. आत माझ्यासाठी खोली तयार, उशाशी पाण्याचा तांब्या आणि ताटाखाली झाकून ठेवलेला नाश्ता.

सॅक उघडली. पेढ्यांचं तूप खोक्यातून झिरपून ओढणीवर सांडलं होतं. पंजाएवढा एक डाग आणि त्याची दोन-तीन पिल्लं. साबण लावला तर डाग आणखी पसरला, म्हणजे ओढणी बाद.

इथे थांबून एक कबूल करते. रिक्षातून येताना साड्यांच्या दुकानांची रांगच्या रांग लागली होती. बाजार दहा मिनिटांवर होता. उशीर झाला असला तरी जाऊन एखादी साडी घेऊन येण्याइतका वेळ होता, पैसेही होते. मी विचार केला, ती परत कोण वाहून नेणार? आणि झाकलेला नाश्ता खात बसले. मग तोंड धुतलं, राखाडी कुडता चढवला, सँडलची उसाच्या रस्त्यावरची माती ओल्या फडक्याने पुसली आणि गेले.

हॉलमध्ये बायकांची बाजू वरच्या मजल्यावर होती. दारातच माझी पावलं अडखळली. जरीच्या साड्या, गडद रंगाचे शरारे, मोगऱ्याचे गजरे, आणि बांगड्या! बांगडीवाल्यांच्या घरचं कार्य ते. लहान मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत एकेकीचा हात कोपरापर्यंत भरलेला. नुसता किणकिणाट चालला होता. त्यात माझे दोन मोकळे हात, राखाडी कपडे आणि मातकट सँडल.

समोर लांब व्यासपीठावर नवी सून बसली होती. तिच्या शेजारी उभी राहून शमीम पाहुण्यांना भेटत होती. मोरपंखी साडी, डोक्यावर पदर. मधूनमधून ती दाराकडे बघत होती. मी पटकन खांबाआड सरकले.

तिथे तिच्या मोठ्या नणंदबाई बसल्या होत्या, सगळ्या त्यांना आपा म्हणतात. मी नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला, मनगटावरून बोटं फिरवली आणि आवाज एकदम खाली आणला. “घरात काय इपरीत झालंय का बाई?”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा खरं सांगायला हवं होतं. ‘नाही हो आपा, ओझं नको म्हणून कपडे आणले नाहीत,’ एवढंच तर वाक्य. पण इतक्या नटलेल्या बायकांमध्ये ते वाक्य मला उच्चारवेना. लाज वाटली. मी खाली बघत म्हणाले, “हं... जरा तसंच.”

“तरी बी आलीस,” त्या म्हणाल्या. “लय मोठं मन हाय तुजं.”

मग कुणी खुर्ची आणली, कुणी सरबत. शेजारची बाई आपल्या मुलीला दटावू लागली, “दंगा करू नगंस, मावशीच्या घरात दुखवटा हाय.” एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ती बातमी कुजबुजत पुढे जाताना मला दिसत होती आणि मी सरबताचा पेला धरून गप्प बसले होते. उठून पुढे जायला तेव्हाही वेळ होता.

शमीम व्यासपीठावरून जवळजवळ पळतच खाली आली. पाहुणे तसेच उभे राहिले. माझ्यासमोर येऊन तिने एकच शब्द विचारला.

“नाना?”

मी तोंड उघडायच्या आत तिने मला मिठी मारली होती. “कवा गेले गं? मला सांगितलं न्हाईस? माझं मेलीचं कार्य हाय म्हणून न्हाई सांगितलंस?” ती हुंदके देऊन रडत होती. तिच्या बांगड्या माझ्या पाठीत रुतत होत्या.

“शमीम, नाना बरे आहेत. घरी आहेत. कुणी गेलं नाही.”

ती मागे झाली. काजळ गालांवर उतरलं होतं. “मग? आशी का आलीस?”

“साडी आणली नाही. ओझं होतं म्हणून.”

तिने माझ्या कुडत्याकडे बघितलं, सँडलकडे बघितलं. मग स्वतःच्या पदराकडे. मी ओरडा खायला तयार होते, तो मिळाला असता तर बरं झालं असतं.

“नाना हाएत ना, मग बरं झालं,” ती म्हणाली. पदराने डोळे पुसले. “जेवून घे. तुजं बिनमटणाचं येगळं करायला सांगितलंय.” आणि ती परत वर गेली, सुनेशेजारी उभी राहिली. फोटोवाला फोटो काढत होता. त्या अल्बममध्ये पोराच्या वलीम्यात आईचे डोळे सुजलेले का, हे आता तिला जन्मभर सांगत बसावं लागणार.

माझ्यासाठी खरंच वेगळा स्वयंपाक होता. पुलाव, डाळ, पनीर, सगळं वेगळ्या भांड्यांत आणि वाढायला एक बाई खास. दोन घास खाल्ले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शमीम पाहुण्यांच्या गराड्यात होती. “ये पुन्हा,” म्हणाली, जशी ती इतर सगळ्यांना म्हणत होती. तिचे यजमान मला स्टँडवर सोडायला आले. गाडी लागल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा एक खोका हातात दिला. “हे काल संध्याकाळचंच द्यायचं होतं. तिनं महिनाभर आधी काढून ठेवलंय, तिचा आन् तुमचा एकच रंग.” दोन डझन मोरपंखी काचेच्या बांगड्या. त्या सॅकमध्ये मावेनात. पुण्यापर्यंत सगळा वेळ खोका मांडीवर धरून बसले. सगळ्या शाबूत आल्या.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “माझ्यासाठी रडली ती?” त्यांचेच डोळे भरले होते. मी कपाटातून मोरपंखी काढली, नेसले, बांगड्या घातल्या आणि नानांकडून फोटो काढून घेऊन शमीमला पाठवला. खाली लिहिलं, “माफ कर.” दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “छान दिसतीस. नाना बरे हाएत का?”

तेव्हा कुणाच्या कार्याला जाणार असाल तर साडी न्या, सँडल न्या, लागेल तर दुसरी बॅग न्या. सल्ला एवढाच. बाकी रस्ते उत्तम आहेत.

शमीमचा फोन अजूनही येतो, दर शुक्रवारी. पण माझ्या नाही, नानांच्या मोबाइलवर. नानांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू असतो. परवा बोलणं संपत आलं तेव्हा ते म्हणाले, “थांब, ही इथेच आहे, देतो हं.” ती म्हणाली, “नको नाना, तिला कामं असतील.”

मी कणीक मळत होते. मुद्दाम हात जोरात हलवला. बांगड्या वाजल्या.

पलीकडे ते ऐकू गेलंच असणार. मग ती म्हणाली, “गोळ्या येळेवर घ्या हां नाना,” आणि फोन ठेवला.