कपाटातल्या सतरंज्या

आमच्या महिला मंडळाच्या सतरंज्या आज कपाटातून काढल्या. सरकारी अनुदानातून घेतलेल्या, कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाने मीच क्रमांक घातलेल्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "अगदी नव्यासारख्या ठेवल्यात." कौतुक होतं, पण मला वर बघवेना.

वर्गणीतून घेतलेली आमची जुनी सतरंजी मंडळात कधी सापडायची नाही. ती बारशाला जायची, हळदीचे डाग घेऊन दुसऱ्याच घरी पोचायची. शेवटी ती विरून गेली. मग अनुदानासाठी मीच खेटे घातले, आणि ते मिळाल्यावर कपाटाची किल्लीही माझ्याच कमरेला आली. वस्तू जपायच्या म्हणजे कुणाला द्यायच्या नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर सही करताना मीच तसं ठरवून टाकलं.

गेल्या वर्षी शेजारच्या सुमनताईंचे यजमान गेले. त्यांचे दीर सतरंज्या मागायला आले. मी म्हणाले, "भाऊ, तपासणी कधीही होते हो." ते तसेच परत गेले.

संध्याकाळी मी भेटायला गेले, तेव्हा माणसं उघड्या जमिनीवर बसली होती. मला बघून सुमनताई जरा सरकल्या आणि त्यांनी अंगाखालची गोधडी माझ्यासाठी अर्धी मोकळी केली.