खालच्या खाचरातलं गरवं भात

प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो, हे माझ्या आईला कधी पटलं नाही. "लोक एकमेकांच्या घरात फुकट नाक खुपसतात, तुला त्याचे पैसे देतात होय?" असं म्हणायची आणि तरी पहाटे उठून डबा भरून द्यायची. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी नाशिकला अर्थशास्त्रात एम. ए. करून घरी बसले होते. त्याच सुमारास एका परदेशी शेती-संशोधन केंद्राला प्रश्न पडला होता, की आपण तयार केलेल्या भाताच्या बियाण्यानं गरीब देशांतल्या शेतकऱ्यांचं नेमकं काय भलं झालं. ते मोजायला जी गावं निवडली, त्यांत पेठ तालुक्यातली काही डोंगरातली गावं होती, आणि त्या गावांत घरोघर फिरायला मी होते.

काम मला आवडलं. मला सरळ उत्तरं आवडतात. हो की नाही, जास्त की कमी. आम्ही कामगार वसाहतीत वाढलेली माणसं. घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांचं कपाट होतं, आणि वडिलांनी काही विचारलं की "माहीत नाही" म्हणायची सोय नव्हती. आमच्या तुकडीचे प्रमुख, शेतीखात्यातून निवृत्त झालेले एक सर, त्यांचंही तेच म्हणणं. "‘माहीत नाही’ फार येऊ देऊ नका. अशी घरं शेवटी हिशोबातून गळतात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे कुणी "काय की बाई" म्हणालं की मी त्याच्या मागेच लागायची.

तिथल्या भाताचं आधी सांगायला हवं. लवकर पिकतं ते हळवं, उशिरा पिकतं ते गरवं. त्या गावांतले लोक पूर्वापार गरवं लावत, आणि त्याची कापणी दिवाळी उलटून गेल्यावर होई. केंद्राचं बियाणं हळवं होतं आणि उताराही चांगला देई. आम्ही जायच्या चारपाच वर्षं आधी ते तिकडे पोचलं होतं आणि बघता बघता सगळ्या खाचरांत पसरलं होतं. "आधी घरचं भात शिमग्याला सपायचं, आता आखाजीपर्यंत पुरतं," म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, असं बाया ओट्यावर बसून सांगायच्या. मी खूश होऊन लिहायची. असली उत्तरं लिहून हात दुखत नाही.

गावाच्या खालच्या अंगाला एक घर होतं. नवरा, बायको, दोन मुली. थोरली सातवीत, धाकटी चौथीत. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. त्यांच्या वरच्या खाचरातलं हळवं पिवळं पडलं होतं, आठ-पंधरा दिवसांत कापायचं. खालच्या खाचरात मात्र हिरवंगार गरवं उभं होतं. गावात दुसऱ्या कुणी ते लावायचं सोडलं होतं.

"हे का ठेवलंय?" मी विचारलं.

नवरा विळ्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तिला इचारा. तिचं खूळ हाय."

बायको सुपात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. "चवीला बरं असतं," ती म्हणाली.

"चव कसली आली? त्याच्यापायी छाटणी बुडती," नवरा म्हणाला. तिनं सूप चालू ठेवलं.

छाटणी म्हणजे द्राक्षाची. दिंडोरी, निफाडकडच्या बागा ऑक्टोबरात छाटल्या जातात आणि तेव्हा मजूर मिळता मिळत नाहीत. डोंगरातली माणसं टोळ्या करून तिकडे जातात. एखाद्या घराला कडी दिसली आणि शेजारी विचारलं, तर उत्तर मिळे, "जगायला गेलीत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पुढचा प्रश्न सुचेना, आणि मला प्रश्न सुचत नाही असं फारसं होत नाही. पूर्वी गरवं कापून होईतो छाटणीची घाई संपून जायची, मग पडेल त्या मजुरीवर राबायचं. आता हळवं नेमकं छाटणीच्या तोंडावर कापून मोकळं होई. बागाईतदारांनी नवस बोलले असते तरी इतकं जुळून आलं नसतं. आमच्या हिशोबात हे बियाण्याच्या फायद्यात धरलं जायचं, आणि मिळणारी मजुरी बघता ते चूकही नव्हतं.

मी निघाले तशी ती बाई हंडा घेऊन माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आली. आपसात ते लोक आपली आदिवासी कोकणी बोली बोलत, माझ्याशी बोलताना बाजाराची मराठी. "बाई, चवीचं खोटं हाय," ती म्हणाली. "थोरलीची सहामाही हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. गावातली शाळा सातवीपर्यंत. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, की सहामाहीला जी पोरं नसतील त्यांची नावं कमी करीन. नाव गेलं की दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय आठवीला आश्रमशाळेत घेत नाहीत. सगळं रान हळव्याचं असलं तर परीक्षेच्या आधीच कापणी उरकते, टोळी नेणाऱ्या मुकादमाची जीप दारात उभी राहते आणि घरदार उचलून जावं लागतं.

"पोरीची परीक्षा हाय म्हणलं तर हासत्याल," ती म्हणाली. "भात उभं हाय म्हणलं तर कोणी हासत नाय. मुकादमबी नाय, आन् हेबी नाय. उभं पीक टाकून ये, असं कोण म्हणंल?"

एवढ्यासाठी तिनं एक अख्खं खाचर गरव्याला दिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिचा हंडा उचलून तिच्या डोक्यावर द्यायचं विसरले. संध्याकाळी मुक्कामी आल्यावर सरांशी भांडले. नवं बियाणं पूर्ण न स्वीकारण्याची कारणं आमच्याकडे ठरलेली होती. चव, भीती, बियाणं न मिळणं, माहितीचा अभाव. सहामाही त्यांत नव्हती. सर म्हणाले, "एका बाईच्या खुळासाठी नवं कारण उघडायचं का? चव लिहा." वाईट नव्हता माणूस, थकलेला होता. मी चव लिहिली. तीही खोटी नव्हती म्हणा, त्या तांदळाची पेज मी प्याले होते.

दिवाळीनंतर आमची दुसरी फेरी झाली. ती बाई खालच्या खाचरात गरवं कापत होती, थोरली पेंढ्या बांधत होती. परीक्षा दिली होती, पास होण्यासारखी दिली होती. मी धाकटीची चौकशी केली.

"ती बापासंगं गेली छाटणीला."

"ती कशाला?"

"भाकरी करायला कोणीतरी पायजे ना. मी गरव्याला आडकले, ही परीक्षेला. मंग राहिलं कोण?" विळा थांबला नव्हता. "चौथीतली ती. तिचं काय, पुढल्या साली बसंल."

पुढच्या साली मी पुन्हा गेले. थोरली आश्रमशाळेत होती. खालच्या खाचरातही आता हळवंच होतं. धाकटीच्या बारीक बोटांना छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट चोळायचं काम छान जमायला लागलं होतं, तिला मोठ्या बाईएवढी हजेरी मिळत होती, आणि तिच्या मजुरीतून थोरलीचं येणं-जाणं, वह्या, चपला. "एकीसाठी खाचर ठेवलं, दुसरीसाठी का नाही?" हा प्रश्न माझ्या जिभेवर आला. विचारण्याचा मला पगार होता. पण त्या बाईनंच आधी सांगून टाकलं, "आता छाटणीला हात लागत्यात, बाई." आणि आत गेली.

पेठहून नाशिकला येणाऱ्या एसटीत मी घाटभर त्याच घराचा हिशोब करत बसायची आणि दर वेळी वैतागायची. नव्या बियाण्यानं पोट भरलं, यात वाद नाही. मग थोरली शिकली ती कशामुळे? जुन्या गरव्यामुळे, कारण ते उभं होतं म्हणून ती सहामाहीला बसली. पण पुढं तिचं शिक्षण चाललं ते छाटणीच्या पैशावर, आणि छाटणी गाठली ती नव्या हळव्यामुळे. मग धाकटीची शाळा कुणी घालवली? नव्यानं? नवं आलं नसतं तर दिवाळी होईपर्यंत सगळे घरीच असते, दोघी परीक्षेला बसल्या असत्या. की जुन्यानं? आई त्या गरव्यात अडकली नसती तर भाकरी तिनंच केल्या असत्या. मग थोरलीचं काय झालं असतं? एक धागा ओढला की दुसरीकडे गाठ बसायची. शिक्षण सगळ्या दुखण्यांवरचं औषध, असं मानणाऱ्या घरात मी वाढले होते, आणि इथं एका बहिणीच्या औषधाची किंमत दुसरीकडून वसूल झाली होती. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही. बापावर काढावा, तर तोही बिचारा उन्हातान्हात काड्याच छाटत होता.

दहाएक वर्षांनी केंद्राला पुन्हा त्याच गावांत डोकावायचं होतं. तोवर सर घरी बसले होते, मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवत होते, आणि या वेळी तुकडीची प्रमुख मी. सोबत केंद्राचे एक परदेशी पाहुणे होते. पांढरे केस, वागायला मृदू, नागलीची भाकरी मागून खाणारे. ते प्रत्येक घरात शेवटी एकच प्रश्न विचारत आणि मी तो मराठीत सांगायची. हे बियाणं आलंच नसतं, तर आज तुमचं काय झालं असतं?

खालच्या अंगाच्या त्या घरात मुलींच्या बापानं छपराकडे बघितलं. मग म्हणाला, "काय झालं असतं? हेच, जरा कमी." पाहुण्यांना ते उत्तर फार आवडलं. थोरली नर्स होऊन सुरगाण्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात लागली होती, हे ऐकून त्यांचा चेहरा आणखी उजळला. बियाण्याचं फळ डोळ्यांनी बघायला ते समुद्र ओलांडून आले होते, आणि ते त्यांना दिसलं होतं. मी खरं तेच सांगत होते आणि तरी काहीतरी खोटं बोलल्यासारखं वाटत होतं.

धाकटी आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, माहेरी आली होती. दिंडोरीकडे दिलेली. आता ती स्वतःच बायांची टोळी चालवत होती. कमरेला मोबाईल खोचलेला, पायात चांगल्या चपला, बोलायला खणखणीत. मी मनात तिची कीव तयार ठेवून आले होते, ती कुठे ठेवावी कळेना.

पाहुणे वरच्या खाचराकडे फोटो काढायला गेले तेव्हा मुलींच्या आईनं मला चुलीपाशी बोलावलं. केस पिकले होते. लाकूड आत सारत म्हणाली, "बाई, तुम्ही समद्यांना समदं इचारता."

"हो."

"मंग हिलाबी एक इचारा. माझ्यावर राग हाय का तिचा. मी इतक्या सालांत नाय इचारू शकले. माझ्या तोंडाला येतच नाय."

आयुष्यभर मी लोकांना विचारत आले होते. किती जेवता, किती पिकतं, मुलं किती गेली, सगळं. आता हा एक प्रश्न घेऊन मी बांधावरून खाली ओढ्याकडे उतरले.

धाकटी ओढ्यावर पायांचा चिखल धूत होती. मी शेजारी दगडावर बसले आणि आडवळण न घेता विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "आईनं इचारायला लावलं ना?"

मी हो म्हटलं.

एक पाय धुऊन झाला, दुसरा धुऊन झाला, आणि मग तिनं पहिलाच पुन्हा धुवायला घेतला. "आक्का आली की आम्ही लय हासतो," ती म्हणाली. "तिचा पगार झाला की मला लुगडं आणती. मग ती परत जाती. तिनं सही केलेला कागुद मी पायते..." तिनं पदरानं पाय पुसले. "आईला सांगा, माहीत नाय म्हणली."

दुसरं कुणी असतं तर मी सोडलं नसतं. म्हटलं असतं, थोडा आहे की बराच, पूर्वी होता की आता. त्या दिवशी मी नुसती मान हलवली.

आई दारातच उभी होती. मी सांगितलं.

"‘नाय’ म्हणली, का ‘माहीत नाय’ म्हणली?"

"माहीत नाय म्हणाली."

ती उंबऱ्यावर बसली. "मला वाटायचं, मी केलं ते बरं का वाईट, हे मला एकटीलाच नाय माहीत," असं म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. धाकटी ओढ्यावरून वर येताना दिसली तसं तिनं तोंड पुसलं आणि ताटं मांडायला घेतली.

जाताना जीपमध्ये पाहुण्यांनी त्या घराच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय धरायचं, असं विचारलं. बापाचं वाक्य त्यांना घ्यायचं होतं. मी म्हटलं, या घराचं उत्तर ‘माहीत नाही’ असं आहे, आणि तसंच लिहिलं. ते घर हिशोबातून गळलं असणार.