आत्याच्या दातातली पट्टी

मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मोताळ्याहून वासुदेवचा, माझ्या आतेभावाचा, फोन आला. "ताई, माय गेली... रोपाईले पाणी देऊन राह्यली होती, बसली ते बसलीच."

वच्छलाआत्या रोपवाटिकेत कलमं बांधायची. जंबेरी लिंबाच्या खुंटात खाच, खाचेत संत्र्याचा डोळा, वरून प्लास्टिकची पट्टी. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पट्टीचं टोक ती खालच्या पुढच्या दातांत धरून ताणायची. जन्मभर राखुंडीने दात घासघासून त्यातल्या एका दाताची हिरडी इतकी खाली सरकली की मूळ उघडं पडलं. पाणी लागलं तरी कळ जायची. दात गेला तर पट्टी कशी ताणू, एवढाच तिचा घोर.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, बीएस्सी. त्याचा अभिमान मी कधी लपवला नाही. समजावून सांगायला मलकापूरच्या दातांच्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. टाळूची पातळ चकती काढून हिरडीवर शिवायची, असं ते म्हणाले.

"मंग टाळूले खड्डा काऊन नाही पडत?"

"भरून येतं, आत्या."

"अन् त्या चकतीले रक्त कुठून भेटते?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "आधी खालच्या जागेतून झिरपतं, मग नव्या शिरा जुळतात. तोवर ती हलता कामा नये."

आत्या खुलली. "हे तं आमचंच काम हाय! साहेब, तुमी पट्टी काहाची बांधता?"

चकती शिवल्यावर पाचव्या दिवशी मात्र मलाच राहवलं नाही. मोबाइलवर फोटो काढायला मी तिचा ओठ खाली ओढला... टाक्याशी रक्ताचा थेंब आला. तिने माझा हात झटकला. "शिकलेली हायेस ना वं? डोळा भरल्यावर कोणी पट्टी सोडून पाह्यते काय?" पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

टाके निघाले. एक कोपरा सुकला होता, तो माझ्यामुळेच असं मी धरून चालते, बाकीचं जगलं. हसली की तिथे फिकट गुलाबी चकती दिसायची. वासुदेव चिडवायचा, "माय, ठिगळ दिसते." ती म्हणायची, "दिसू दे. कलमाची गाठ दिसतेच."

तेराव्याला वासुदेवने तिच्या हातचं शेवटचं कलम माझ्याकडे दिलं आणि पट्टी सोडायचा दिवस सांगितला. तोवर ते ओट्यावर होतं. येता-जाता वाटायचं, जरा सैल करून बघावं. नाही केलं.

आज सकाळी सोडली. डोळा हिरवा आहे. पण मी बघत बसले ते पट्टीचं टोक... त्यावर खालच्या दातांच्या खुणा आहेत, चांगल्या खोल.