गारांखालचे ठसे

गेल्या शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता कुवेतमधल्या सुलैबियाच्या बागेत रत्नागिरीच्या एका माळ्याला, फुलांची रोपं तुडवली म्हणून, मायदेशी परत पाठवायची धमकी मिळाली. रोपं तुडवली होती आम्ही. थंडी सरता सरता गारा पडून वाळवंट पांढरं झालं, तशी आम्ही मराठी मंडळी पोरंबाळं घेऊन फोटो काढायला थेट वाफ्यांत शिरलो होतो.

"बरफ हटाते हटाते तूने ही कुचला! इकामा रिन्यू नहीं होगा तेरा," मुकादम ओरडला. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना.

मी भांडायला तोंड उघडलं, तर माळ्याने मला नुसत्या हाताने थांबवलं. हा माणूस चपला वाफ्याच्या कडेला जोडीने काढतो, विजार वर खोचतो आणि अनवाणीच आत उतरतो. गारांतही तसाच उतरला होता.

"साब, थोडा ठहरो. पिघलने दो."

ऊन आलं. पाव तासात गारांचं पाणी झालं आणि चिखलात ठसे उघडे पडले. मोडलेल्या रोपांवरचे सगळे बुटांचे आणि उंच टाचांचे! मुकादमाने माळ्याच्या उघड्या पायांकडे पाहिलं, "ठीक है, काम कर," म्हणाला आणि निघून गेला. माझा जीव भांड्यात पडला.

माळी माझ्याकडे बघून हसला. "अरे बाबा, वकिली नंतर कर. आधी रोपावरचा पाय काढ."

मी अजून वाफ्यातच उभा होतो. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

मंडळी, त्या सकाळी माझ्याबरोबर फोटो तुम्हीही काढलेत. येत्या शुक्रवारी बागेत या आणि मोडलेल्या प्रत्येक रोपाच्या जागी स्वतःच्या हाताने नवं रोप लावा.